माईंच्या पनवेलात माझी लेक

पनवेलला मी गेले ती हवापालटासाठी नव्हे आणि कर्नाळ्याचा सुळका बघायलाही नव्हे. माझी धाकटी मुलगी शालू तिथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. पहिल्या वर्षी दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की ती एसटी धरून दादरला घरी यायची. मग एक शनिवार आड यायला लागली. होळीनंतर तर आलीच नाही. यायची तेव्हाही निम्मी तिकडेच असायची. माईंनी हे केलं, माईंनी ते सांगितलं, माईंच्या घरी अमुक खाल्लं. माई म्हणजे पनवेलच्या नगरपालिकेच्या एक सभासद. माझ्या मुलीच्या तोंडी हे नाव इतक्या वेळा यायचं की एकदा जेवताना मला वाढता वाढता ती चुकून म्हणाली, “माई, पुरे.” तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

त्यातच माझ्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेत जूनपासून इंग्रजीची जागा रिकामी होणार असल्याचं कळलं. मी मदरना जाऊन भेटले. किती वर्षांनी त्या जिन्यावर पाय ठेवला. तोच मेणाच्या पॉलिशचा वास, वरच्या खोलीतून तोच चुकत चुकत वाजणारा पियानोचा धडा, आणि मोठमोठ्याने बोलणाऱ्या मुलींना नुसत्या भुवयांनी गप्प करणाऱ्या सिस्टर. माझी मुलगी या वऱ्हांड्यातून चालते आहे असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला भरून आलं. मदर म्हणाल्या, “तिचा होकार आठवड्याभरात कळवा.” तेव्हा मी शालूला आणायलाच निघाले होते, हे आधीच सांगून टाकते. बाकीचं सगळं प्रवासवर्णन त्याच्या पोटात.

मुंबईहून पनवेलला जायचे दोन रस्ते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने उरणला उतरून पुढे मोटारीने जाता येतं, पण ज्यांना बोट लागते त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. मी ठाण्यापर्यंत आगगाडीने गेले आणि तिथून एसटी धरली. भाडं बेताचं आहे, रस्ता मात्र बेताचा नाही. कळव्याचा पूल ओलांडला की खाडीचा खारट वारा लागतो, मग मुंब्र्याचा डोंगर अगदी खिडकीशी येतो आणि शिळफाट्यापुढे नुसती धूळ. केसांना रुमाल बांधा, पांढरं पातळ नेसू नका. तळोज्याच्या पुढे भाताची कापून झालेली शेतं पसरतात आणि त्यांच्या पलीकडे प्रबळगड दिसायला लागतो. चैत्राचं ऊन होतं, तरी तो निळाच दिसत होता. शेजारी बसलेल्या कोळणीने मला विचारलं, “पनवेलात कोनाकडं?”

“मुलीकडे.”

“दिली हाय काय तिथं?”

“नाही. नोकरी करते.”

तिने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि टोपलीतली कैरी काढून हातावर ठेवली.

स्टँडवर टांगे उभे असतात. टांगेवाले बहुतेक मुसलमान, बोलायला गोड, घासाघीस केली तर भाड्यात थोडं सोडतातही. माझा टांगेवाला म्हातारा होता. मी पत्ता सांगितला, तळ्याजवळ, तांदळाच्या व्यापाऱ्याच्या माडीवर, शाळेतल्या इंग्रजीच्या बाई राहतात तिथे.

“म्हंजे माईंच्या पोरीकडं,” तो म्हणाला. “हे आधी नाय का सांगायचं अम्मा? उगाच एवढा पत्ता.”

“ती माझी मुलगी आहे,” मी म्हणाले.

“तुमचीच की. कोन नाय म्हनतो?” त्याने घोड्याला चाबूक दाखवला. “पन इथं माईंची हाय.”

गाव मात्र मला आवडलं, खोटं कशाला बोलू. तळ्यांचं गाव आहे. एका आळीतून जाताना ठाकठोक ऐकू आली. बैलगाडीची चाकं करणाऱ्यांची ती आळी. पनवेलच्या चाकांचं नाव कोकणात आणि घाटावरही आहे. लाकडी चाकाभोवती लोखंडी धाव चढवायची असली की ते कडं शेणाच्या गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात, चौघे सांडशीने उचलून चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आक्रसतं आणि चाक कायमचं आवळलं जातं. टांगा तिथे थांबला होता, म्हणून मला हे सबंध बघायला मिळालं. वाफेचा लोट माझ्या अंगावर आला. तुम्ही गेलात तर हे चुकवू नका, पण वारा पाठीशी येईल असे उभे राहा.

शनिवारी येते असं पत्र मी टाकलं होतं, तरी शालू घरी नव्हती. घरमालकीण खिडकीतून म्हणाली, “नळावर गेल्यात, माईंसोबत. सामान ठेवा नि जा तिकडंच.”

नळ म्हणजे वडाळे तळ्याच्या बाजूचा नगरपालिकेचा नळ. उन्हाळ्यात पाणी दुपारनंतर थोडाच वेळ येतं. मला वाटलं होतं आरडाओरडा असेल. पण बायका ओळीत उभ्या होत्या, आणि ओळही चमत्कारिक. सर्वांत पुढे तांबे घेतलेल्या पोरी आणि एक म्हातारी, मग कळशीवाल्या, मग घागरी, त्यांच्या मागे हंडे, आणि अगदी शेवटी रॉकेलचे डबे कावडीला लावलेला हॉटेलवाल्याचा गडी. कडेच्या दगडावर एक बाई बसल्या होत्या. निळं लुगडं, आगऱ्यांच्या पद्धतीने गुडघ्यापर्यंत घट्ट ओढून नेसलेलं, पायांत वहाणा नाहीत, कपाळ मोकळं. अंगाने किरकोळ. मी मनात एक धिप्पाड, मोठ्या आवाजाची बाई रंगवून आले होते. या बाईंच्या डोक्यावर छत्री धरून माझी मुलगी उभी होती.

मला आठवतं तसं तिने माझ्यावर कधी छत्री धरलेली नाही. आमच्याकडे ज्याची त्याची छत्री असते.

शालूने मला पाहिलं, “आई,” अशी हाक मारून ती धावली, छत्रीसकट. माई उन्हात राहिल्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आलाव काय. बसा. पोर कालपासून तुमच्याच नावाचा जप करतेय.” दगडावर सरकून त्यांनी मला जागा केली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी बसले. दगड तापला होता.

तेवढ्यात ओळीत कुजबुज झाली. चांगुणा नावाची एक बाई तांब्या भरून जायची, कोपऱ्यावर ठेवलेल्या आपल्या हंड्यात ओतायची आणि पुन्हा तांबेवाल्यांत पुढे येऊन उभी राहायची. मागची एक म्हणाली, “चांगुणे, तुजा तांब्या हाय का रहाट?”

“माजा तांब्या लहान हाय. लहान आधी. माईंचा कायदा हाय,” चांगुणा म्हणाली.

“कायदा तांब्याला हाय, तुज्या डोक्याला नाय.”

सगळ्या माईंकडे बघायला लागल्या. माई उठल्या नाहीत. “चांगुणा,” त्या म्हणाल्या, “तांब्या पयल्यांदा आला तर तांब्या. दुसऱ्यांदा आला तर तो हंडा. जा, हंड्यांत उभी ऱ्हा.”

बायका हसल्या. चांगुणाही तोंडावर पदर घेऊन हसली आणि मागे गेली. मी मात्र हसू शकले नाही. लहान आधी हा कायदा माईंचा नाही. तो माझा आहे.

म्हणजे मुळात आमच्या शाळेचा. जेवणघरात सिस्टर सर्वांत लहान मुलीपासून वाढायला सुरुवात करायच्या, मोठ्या मुली पोटात कावळे ओरडत असले तरी थांबायच्या. लग्नानंतर मी तोच नियम घरात आणला. लहान ताट आधी. सासूबाई नाक मुरडायच्या, कारण त्यांच्याकडे पुरुषांची पंगत आधी. पण मी सोडलं नाही. शालू सर्वांत धाकटी, त्यामुळे वर्षानुवर्षं पहिला वाफाळता भात तिच्या ताटात पडला. आणि तिचा मोठा भाऊ चलाखी करून बशीत वाढून घ्यायचा, पुन्हा पुन्हा. त्याच्यावर तोड मला कधी सुचली नव्हती. माईंना बसल्या जागी सुचली.

संध्याकाळी माडीवर आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, “हे भांड्यांचं तू सांगितलंस ना त्यांना?”

“हो. अगं, रोज डोकी फुटायची तिथे. मी म्हटलं, आमच्याकडे असं करतात.”

“आमच्याकडे म्हणजे कोणाकडे, ते सांगितलंस?”

“आपल्या घरी.”

“माझं नाव?”

शालू केस विंचरत होती, ती थांबली. “नळाच्या ओळीत तुझं नाव कशाला घालायचं, आई?” मग हसली. “हवंय का?”

मी विषय बदलला, आणि बदलून ज्याच्यासाठी आले होते त्यावर आले. मदर, रिकामी जागा, पगार, जिना उतरलं की ट्राम, घरचं जेवण. मी चांगलं बोलले. सारखं बोलायचं नाही, समोरच्याला वेळ द्यायचा, हे आम्हाला शिकवलेलं आहे. मी वेळ दिला. शालू खिडकीतून तळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माईंना विचारून सांगते.”

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांना मुली आहेत त्यांना याच्यापुढे काही सांगायला नको.

रविवारी दुपारी माईंकडे जेवायला बोलावणं होतं. सकाळी आम्ही खाडीकडे गेलो. त्या बाजूला माईंच्या मुलांची मिठागरं आहेत. एप्रिलात तिथे जरूर जा, पण उन्हं चढायच्या आत. जमिनीवर आरशासारखे चौकोनी वाफे, त्यांत पाण्याखाली मिठाचा थर धरलेला, आणि बांधांवर पांढऱ्या राशी. डोळे दिपतात. शालू बांधावरून चपला हातात घेऊन अशी चालत होती की जन्म इथेच गेला असावा. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाशी ती थांबून बोलली, कोणाच्या म्हशीचं, कोणाच्या पोरीच्या परीक्षेचं. घरी आलेल्या पाहुण्यांपुढे जी मुलगी दाराआडून नमस्कार करायची, तीच ही.

गावात माईंबद्दल जो तो काही ना काही सांगतो. चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला तेव्हा त्या नव्या नवरी होत्या, आणि रानात लपलेल्यांना त्यांनी पाटीत भाकऱ्या घालून वर शेणाच्या गोवऱ्या रचून पोचवल्या, असं आम्हाला वाटेत एका माणसाने सांगितलं. मी माईंना ते विचारलं. त्या म्हणाल्या, “भाकऱ्या माज्या सासूनं भाजल्या. मी नेल्या. भाकऱ्यांना गोवऱ्यांचा वास लागला म्हनून शिव्याबी खाल्ल्या. ते कोन सांगत नाय.” हे ऐकून मला त्यांचा राग यायला हवा तितका येईना, म्हणून मला आणखी राग आला.

जेवण असं होतं. तांदळाची भाकरी, चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण, सुकट, वालाचं बिरडं. सगळं तिखट, पण तोंड भाजलं तरी हात थांबत नाही अशी चव. भाकरी इतकी पातळ आणि मऊ की मी चौथी घेतली. शालू खाली पाटावर बसून चिंबोरीची नांगी दाताने फोडत होती, बोटं चाटत होती. ही मुलगी आमच्या घरी पापलेटातला काटा मी काढून दिल्याशिवाय घास घेत नाही. मी म्हणाले, “शालू, तुला हे आवडत नव्हतं ना?”

“घरी कुठे करतेस तू?” ती म्हणाली. खरं होतं. मी पाणी प्यायले.

जेवणं झाल्यावर शालू आत भांडी घासायला बसली, माईंच्या सुनेबरोबर, मोठमोठ्याने हसत. माई आणि मी ओटीवर बसलो. त्यांनी पानाचा डबा पुढे केला. मी पान खात नाही. त्यांनी एक पान पुसलं, चुना लावला, पण खाल्लं नाही, तसंच हातात धरून बसल्या.

“तिनं मला सकाळीच सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या शाळंचं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“अजून काय नाय म्हनले. तुमी आलाव ना. तुमाला विचारल्याबिगर कशी म्हनू?” त्यांनी हातातलं पान उलटलं. “घेऊन जा तिला.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“घेऊन जा. आता हाक मारते नि सांगते, जा म्हनून. जाईल ती. माजा शब्द मोडनार नाय.”

“पण तुम्हाला तर ती…”

“मला सवय लागली हाय तिची. म्हनूनच सांगतेय. माजी सोताची पोर उरनला दिलीय, सनाला येते, पावनीसारखी बसते. गाव म्हनतं माई सगल्यांची. तिला विचारा, माई कोनाची. आज ना उद्या ही पन जानार. मग आजच जाऊ दे, घाव लहान असतो.”

हेच तर मला हवं होतं. एवढ्यासाठी मी धूळ खात आले होते. आणि माई आतल्या दाराकडे वळून हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की शालू उद्या माझ्याबरोबर गाडीत बसेल ती माईंनी सांगितलं म्हणून. ती माझ्या शाळेत शिकवेल, माझ्या घरी जेवेल, माझ्याशेजारच्या खोलीत झोपेल, आणि ते सगळं माईंनी दिलेलं असेल. मदरच्या वऱ्हांड्यातून चालताना तिच्या पायांत माईंचा शब्द असेल. ते मला सहन होईना. एक वेळ मुलगी पनवेलात राहिलेली परवडली.

“राहू द्या, माई,” मी म्हणाले.

“काय ऱ्हाऊ द्या?”

“तुम्ही सांगू नका. मी तिलाच विचारते.”

मी हाक मारली. शालू राखेने भरलेले हात तसेच घेऊन दारात आली. मी म्हणाले, “शालू, मदरना काय कळवू? माईंना विचारायचं नाही आणि मलाही नाही. तुला काय करायचं ते सांग.”

आतून सून भांडी आपटत होती, ती थांबली. माईंनी ते पान शेवटी तोंडात टाकलं आणि दुसरीकडे बघत चावायला लागल्या. शालूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“मला इथेच राहायचंय, आई,” ती म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, हे मी इथे मुद्दाम लिहिते.

“बरं,” मी म्हणाले. “हात धुऊन टाक.”

ती आत गेल्यावर माई अंगणात पिंक टाकून म्हणाल्या, “बाई, तुमी शान्या हाव का येड्या, मला काय कललं नाय.”

“मलाही,” मी म्हणाले.

सोमवारी सकाळच्या गाडीने मी निघाले. माईंची नगरपालिकेत सभा होती, म्हणून त्या आल्या नाहीत, पण त्यांनी सुनेच्या हाती सुक्या बोंबलांचं एक भलं मोठं गाठोडं पाठवलं. तुम्हालाही कोणी देईल, आणि तुम्ही घ्यालच. तेव्हा एवढंच सांगते, ते एसटीच्या टपावर चढवा. मी मांडीवर घेऊन बसले. शिळफाटा येईपर्यंत माझ्या बाकावर मी एकटीच उरले होते आणि कंडक्टर तिकिटाचं विचारायलाही लांबूनच विचारत होता.

दारात हे उभे होते. “आणली नाहीस?”

“नाही.”

“त्या माईंनी सोडली नाही वाटतं.”

“त्यांनी सोडली होती. मीच आणली नाही.”

ह्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे पाहिलं, आणि खिडक्या उघडायला गेले. मदरना मी स्वतः जाऊन नकार सांगितला. त्या म्हणाल्या, इतकं मोठं मन सगळ्या आयांचं नसतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आमच्या शाळेत मदरचं बोलणं मध्ये तोडायची पद्धत नाही.

पनवेलला जावं का, असं मला आता पुष्कळजणी विचारतात. जरूर जावं. दोन दिवस पुरतात. मुक्कामाला ओळखीचं घर बघावं, कारण चांगली खाणावळ मला दिसली नाही. मिठागरं सकाळी बघावीत, चाकांची आळी दुपारी. आणि चिंबोऱ्या खाताना लाजू नये.

मत्सर गेला का, असं मात्र कोणी विचारत नाही, कारण तो होता हेच कोणाला ठाऊक नाही. तो गेलेला नाही. शालू आता पुन्हा एक शनिवार आड येते. येते, पिशवी टाकते आणि स्वयंपाकघरात माझ्याजवळ पाटावर बसते. शाळेचं विचारलं तर म्हणते, ठीक. तब्येतीचं विचारलं तर म्हणते, बरी आहे. मग उठून पुस्तक घेऊन गॅलरीत जायला निघते. माईंचा विषय निघाला की मात्र ती पुन्हा खाली बसते, माझ्या हातातली भाजी घेऊन निवडायला लागते, आणि चहा निवला तरी तिचं बोलणं संपत नाही. नळाला आता दुसरी तोटी बसली. माईंनी सभेत कोणाला तरी चांगलं सुनावलं. मध्येच तिच्या लक्षात येतं आणि ती थांबते. “तुला कंटाळा आला असेल, आई.”

“नाही ग,” मी म्हणते आणि मेथीची आणखी एक जुडी तिच्यापुढे सरकवते. “मग? माई काय म्हणाल्या?”